निवांतरावांचा रविवार

निवांतरावांचा निवांतपणा पहाटे पाचच्या गजराने सुरू होतो. साडेपाचला पार्किंगमध्ये पहिला हॉर्न वाजतो, पावणेसहाला दुसरा, आणि सहापर्यंत अख्ख्या सोसायटीला कळतं की बी विंगमधले आज शांततेच्या शोधात निघालेत. कात्रजचा बोगदा सातच्या आत पार झाला पाहिजे, शिरवळला चहा उभ्याउभ्याच घ्यायचा, खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे अडकायचं नाही. एवढं सगळं साधलं तरच पुढे आरामात वेळ घालवता येतो, असा त्यांचा हिशेब असतो.

हे सगळं मी ऐकीव सांगतोय. माझा त्यांच्याशी संबंध येतो तो सुरूर फाट्यावरून आत वळून ते आमच्या वाईत शिरल्यावर. माझं घर घाटाच्या वाटेवर आहे आणि घराला ओटा आहे. ओट्यावर बसलेल्या माणसाला रस्ता विचारायचा असतो, इतिहास विचारायचा असतो, आणि त्याच्या चपलांसकट त्याचा फोटो काढायचा असतो, अशी बाहेरगावच्या लोकांची समजूत आहे. त्यामुळे दर रविवारी मला निवांतराव भेटतातच. निवांतराव हे कुणा एकाचं नाव नव्हे, मी ठेवलेलं आहे. कधी ते पुण्याचे असतात, कधी ठाण्याचे, हल्ली पिंपरी-चिंचवडचेही फार. वय पंचेचाळीस ते साठ. अंगात मळखाऊ रंगाचा सुती कुडता, खाली खिशांवर खिसे असलेली थ्री-फोर्थ, डोक्याला टोपी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. पायात मात्र लेसवाले बूट. वाईत पावलोपावली देऊळ आहे, तेव्हा निवांतरावांचा निम्मा दिवस लेस सोडण्यात आणि बांधण्यात जातो. उरलेला निम्मा गाडी कुठे लावायची यात.

नाश्त्याला मिसळ लागते. हॉटेलात बसताबसता ते पोऱ्याला प्रेमाने सांगतात, "सावकाश आण रे, आम्हाला काही घाई नाही." पोऱ्या नवा असला की विश्वास ठेवतो. तिसऱ्या मिनिटाला निवांतराव गल्ल्याकडे बघतात, चौथ्याला घड्याळाकडे, आणि पाचव्याला, "अहो, आमची ऑर्डर गेलीय ना आत?" मिसळ आली की आधी तिचे फोटो निघतात, वरून एक, तिरका एक, मागे खिडकी येईल असा एक. तोवर तर्री निवते. मग पोऱ्याला बोलावून, "हे जरा गरम करून आण."

पोट भरलं की त्यांच्यातला इतिहासकार जागा होतो. त्याच्यापाशी शब्द एकच, पेशवेकालीन. ढोल्या गणपती पेशवेकालीन, हे बरोबरच आहे. पण नगरपालिकेचा नळ पेशवेकालीन, शेजारच्या वाण्याचं लाकडी फळकुटांचं दार पेशवेकालीन, आणि एकदा तर माझ्या ओट्याकडे बोट करून सौभाग्यवतींना सांगितलं गेलं, "हे बघ, टिपिकल पेशवेकालीन." ओट्याला शहाबादी फरशी माझ्या वडिलांनी बसवली होती, पण मी काही बोललो नाही. पाहुण्याचा आनंद मोडू नये.

खरं सांगायचं तर पेशवाईशी आमचं नातं सोयरिकीचं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांची मुलगी. त्या रास्त्यांनीच इथली देवळं नि घाट बांधायला पैसा सोडला. काशीविश्वेश्वर १७५७चा, ढोल्या गणपती १७६२चा. गणपतीची मूर्ती एका दगडातली, आणि पोट असं की ढोल्या या नावाबद्दल भक्तांना कधी संकोच वाटला नाही. देवळाची खरी गंमत मात्र मागच्या बाजूला आहे. तिथली भिंत माशासारखी निमुळती काढलीय, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगावं आणि देवळाला धक्का न देता दोन्ही अंगांनी निघून जावं. हे मी मोठ्या हौसेने सांगतो. निवांतराव क्षणभर भारावतात आणि म्हणतात, "म्हणजे त्या काळातसुद्धा डिझाइन थिंकिंग होतं!" असेल बुवा. आम्ही आजवर त्याला अक्कल म्हणत होतो. यानंतर मागच्या भिंतीकडे जाऊन ती बघावी, हात लावून बघावी, एवढीच माझी इच्छा असते. पण मागच्या बाजूला ऊन असतं आणि फोटो उजेडाविरुद्ध येतो.

मग घाट. वाईत प्रत्येक आळीचा आपला घाट आणि आपली कृष्णाबाई. माघ-फाल्गुनात तिचे उत्सव एका घाटामागून एका घाटावर होत जातात. अफजलखान चालून आला त्या वेळी बोललेला नवस अजून फेडतोय, असं जुनी माणसं सांगतात. वाई तेव्हा खानाच्याच ताब्यातला परगणा होता, म्हणून नवसाला जोर असावा. निवांतरावांना ही कथा फार आवडते, पण तिची चित्रफीत करायची म्हणून ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात. दुसऱ्यांदा सांगताना मीही थोडा तलवारीचा खणखणाट घालतो.

घाटावर धुणं चाललेलं असतं. निवांतराव पायऱ्यांवर उकिडवे बसून कॅमेऱ्याची लांब नळी रोखतात. पाण्याचे थेंब, हातातल्या बांगड्या, दगडावर आपटणारं कापड, सगळं कसं अस्सल. आमच्या आळीतली एक मावशी या बाबतीत फटकळ आहे. तिने मान वर करून विचारलं, "काय काढताय ओ दादा?"

"काही नाही मावशी, तुमचं हे पारंपरिक जीवन."

"पारंपरिक कुठलं आलंय? लॉजच्या चादरी हैत. रात्री पाचगणीत तुम्हीच झोपणार त्यावर. हुबंच हाय तर तेवढं एक टोक धरा, पिळून घेऊ."

त्या निवांतरावांनी टोक धरलं, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. फोटो मात्र सौभाग्यवतींनी काढला, आणि त्या दिवसातला तेवढाच एक फोटो बघण्यासारखा असावा.

सौभाग्यवतींची एक निराळी आघाडी असते, मंडई. तिथे मेथीची जुडी हातात घेऊन प्रश्न येतो, "यावर औषध मारलंय का?" भाजीवाली पान उलटं करून किडीने पाडलेली भोकं दाखवते, "मारलं असतं तर ही आली असती का, ताई?" युक्तिवाद बिनतोड असतो. ताई मान डोलावतात, मनापासून कौतुक करतात, ती जुडी खाली ठेवतात आणि शेजारची बिनभोकाची उचलतात.

या कुटुंबात एक मूल असतं. बहुधा आठ-नऊ वर्षांचं, गाडी लागल्यामुळे जरासं पिवळं पडलेलं. घाटावर आल्याबरोबर ते शेवटच्या पायरीवर बसतं आणि पाण्यात खडे टाकू लागतं. एक खडा, त्याची वर्तुळं संपेपर्यंत वाट, मग दुसरा. भोवताली कोण आहे, किती वाजले, आपण कुठे आलोय, कशाची शुद्ध नसते त्याला. मी ओट्यावरून हे बघत असतो आणि मला बरं वाटतं. तेवढ्यात हाक येते, "चल उठ लवकर, उशीर होतोय! आपल्याला मेणवलीच्या घाटावर जाऊन शांत बसायचंय!"

मेणवलीला जाताना वाटेत कुणीतरी त्यांना सांगतं की मराठी विश्वकोशाचं काम वाईत चालतं. निवांतराव गाडीचा वेग कमी करतात. आदर दाखवण्याची ही मोटारीतली पद्धत आहे. रविवार असल्याने कचेरी बंदच असते, म्हणून चर्चा माझ्याकडे येते. मी सांगतो, १९६० साली राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ निघालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले, विश्वकोशाचं काम त्यांनी आपल्या गावात आणलं आणि पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला.

"सोळा वर्षं!" निवांतराव म्हणतात. मिसळीला उशीर झाला तेव्हाचाच सूर. "एका खंडाला?"

आता यांना काय सांगणार? अकारापासून सुरुवात करून एका भाषेत जगातलं सगळं ज्ञान मांडायचं, त्यासाठी आधी परिभाषा घडवायची, नोंदी लिहून घ्यायच्या, तपासायच्या, पुन्हा लिहायच्या. शास्त्रीबुवांची पिढीच वेगळी. इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेला हा माणूस १९३३ साली देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय लग्नाला पुरोहित म्हणून उभा राहिला. घाई केव्हा करायची आणि केव्हा नाही, हे त्यांना नेमकं कळत होतं, असं माझं मत आहे.

त्याच पाठशाळेत १९१७च्या सुमाराला विनोबा आले होते. साबरमतीच्या आश्रमातून एका वर्षाची रजा घेऊन. नारायणशास्त्री मराठ्यांपाशी ब्रह्मसूत्रांचा अभ्यास केला, प्रकृती सुधारली, पायी हिंडले, गड-किल्ले बघितले, गीतेवर बोलले, आणि वर्ष भरताच आश्रमात हजर झाले. वाईला येऊन वेळ घालवणाऱ्यांत माझ्या मते हा पहिल्या नंबरचा माणूस. मी हे सांगितलं की निवांतराव गंभीर होतात. "खरंय. असा ब्रेक घ्यायला हवा. पण आमच्याकडे रजा पुढच्या वर्षात नेता येत नाही."

दुपारी एक ते चार वाई झोपते. निम्मी दुकानं बंद, निम्म्या दुकानांत मालक गादीवर आडवा. निवांतराव पुण्याचे असतील तर त्यांनी हे समजून घ्यायला हरकत नाही, परंपरा त्यांच्याच गावची. पण नाही. हळद घ्यायची असते, पेढे घ्यायचे असतात, बंद फळीवर टकटक होते. "एवढे टुरिस्ट येतात आणि तुम्ही झोपता? बिझनेस सेन्सच नाही." सकाळी याच गृहस्थांनी मला सांगितलेलं असतं की इथलं आयुष्य किती संथ आहे, ते असंच जपलं पाहिजे. संथपणा त्यांना हवा असतो, फक्त त्याने त्यांच्या वेळापत्रकात बसायला हवं.

मेणवलीला गेल्यावर बाकी माणूस विरघळतो, हे मान्य करायला हवं. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या एकात एक उघडणाऱ्या चौकांमधली सावली, भिंतीवरची विटलेली चित्रं, मागे उतरत गेलेला घाट, आणि एका घुमटीत टांगलेली भलीमोठी पोर्तुगीज घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयाची ही निशाणी. एरवी घंटा दिसली की निवांतराव वाजवतात. इथे त्यांच्या तोंडून आधी एकच वाक्य निघतं, "स्वदेस!"

कारण २००४ साली आलेल्या त्या सिनेमासाठी शाहरुख खान याच घाटावर आला होता. सिनेमात मेणवलीचं नाव चरणपूर आणि चरणपूर उत्तर प्रदेशात. हे आमच्या नशिबाचं कायमचं दुखणं आहे. 'गंगाजल'मध्ये वाई बिहारात गेली, 'दबंग'मध्ये पुन्हा उत्तर प्रदेशात. आमच्या घाटावर हिंदी सिनेमातली निम्मी गंगा वाहिली, पण कृष्णेला तिच्या नावाने भूमिका मिळायची मारामार. आमच्या आळीतले एक नाना गर्दीतला बिहारी म्हणून इतक्या वेळा उभे राहिलेत की पोलीस जीप दिसली की आपोआप दगड शोधतात. निवांतरावांना मात्र 'स्वदेस' जिव्हारी लागलेला असतो. परदेशातून आलेला इंजिनिअर, गाव, नदी, माणसं. ते पायरीवर बसतात, हात मागे टेकतात, आणि मोजून दोन मिनिटं खरोखर गप्प राहतात. मला वाटतं, माणूस वाईट नाही. वेळ मिळाला असता तर सुधारला असता.

तिसऱ्या मिनिटाला ते विचारतात, "इथे गुंठा काय भावाने चाललाय हो?"

हा प्रश्न न विचारता गेलेला निवांतराव मी अजून पाहिला नाही. सौंदर्य बघून कुणाला कविता सुचते, कुणाला गुंठा. सौभाग्यवती लगेच सावरून बसतात, "अहो, नुसतं विचारतायत." पण विचारणं फार तपशीलवार असतं. शेती आहे की एनए? सातबाऱ्यावर किती नावं? रस्ता कितीचा? नदी दिसते का? आणि मग डोळे अर्धवट मिटून स्वप्न सांगितलं जातं. छोटंसं घर, पेशवेकालीन पद्धतीचं. पडवी. पडवीत झोपाळा. पुढे तुळशीवृंदावन, मागे केळी. सकाळी उठावं, कृष्णेवर एक चक्कर मारावी, वाचत पडावं. बस्स, आणखी काय लागतं माणसाला?

लागतं ते असं. डास नसावेत. देवळाचा भोंगा नसावा, लग्नाचा डीजे तर नसावाच. पाणी चोवीस तास. वीज जाऊ नये, गेलीच तर इन्व्हर्टर. दहा मिनिटांवर हृदयरोगतज्ज्ञ. वायफाय. भाजी, दूध, औषधं दारात. आणि शेजारी आपल्यातलेच असावेत. मी सगळं ऐकून घेतो. हे वर्णन कोथरूडचं आहे, फक्त त्याच्या कडेने नदी वळवायची आहे. आणि नदीचंही असं की धोम धरणातून पाणी सुटलं तर ती भरलेली, नाहीतर फेब्रुवारीनंतर तळाचे खडक मोजून घ्यावेत. हे कळल्यावर एका निवांतरावांनी मला विचारलं होतं की शनिवार-रविवारी पाणी सोडायला कुणाशी बोलावं लागतं.

आमचंही वागणं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. रविवार बघून आम्ही पाच रुपयांचा चहा दहाला देतो. ज्या वाड्याची मागची भिंत पडायला आलीय त्याच्या पुढच्या दाराला तेलपाणी करून 'हेरिटेज स्टे' अशी पाटी लावतो. आणि आमची पोरं कुठे आहेत? सगळी हिंजवडीत. माझा पुतण्या वाईच्याच घाटावर पोहायला शिकला. शिकला म्हणजे मी ढकलला. तो दिवाळीला आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "काका, इथे किती पीसफुल वाटतं ना!" मी त्याच्या पायाकडे बघितलं. लेसवाले बूट होते.

चार वाजता निवांतरावांच्या चेहऱ्यावरचं सगळं सुख मावळतं. खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, कात्रज. साडेचारला निघालो तर ठीक, पाच वाजले तर संपलं. मग धावपळ. पेढ्याचं दुकान नुकतंच उघडलेलं असतं, दुकानदार डोळे चोळत वजन करत असतो, निवांतराव काउंटरवर बोटांनी ताल धरतात. मुलाचा एक सँडल मेणवलीला राहिलेला असतो. पुन्हा तीन किलोमीटर मागे. एकजण तर मला गाडीतूनच म्हणाले, "काका, तुमच्याशी मनसोक्त गप्पा मारायच्या होत्या, पुढच्या वेळी ठरवून येतो, पंधरा मिनिटं काढून."

काहीजण मात्र खरंच गुंठे घेतात. धोमच्या रस्त्याला अशी चार-दोन घरं झालीत. कौलं मंगलोरी, खांब सागवानी, आत सगळं इटालियन. वास्तुशांतीला अडीचशे माणसं जेवली, पुढच्या महिन्यात मालक एक रात्र राहिले, नंतर एकदा गणपतीत येऊन गेले. आता ईएमआय भरायचा म्हणून शनिवारीसुद्धा ऑफिसला जावं लागतं, असं कळलं. घर सांभाळायला आमच्याच ओळखीचा एक मुलगा ठेवलाय. तो सकाळी तुळशीला पाणी घालतो, पडवीतल्या झोपाळ्यावर बसून पेपर वाचतो, दुपारी केळीच्या सावलीत झोपतो, संध्याकाळी कृष्णेवर चक्कर मारतो.

परवा तो माझ्याकडे सल्ला विचारायला आला. साहेबांनी त्याला नवा फोन दिलाय. रोज सूर्य मावळताना पडवीतून नदीचा फोटो काढून पाठवायचा, फोटोत झोपाळ्याचं एक टोक आणि चहाचा कप आला पाहिजे. साहेब तो आपल्या स्टेटसला लावतात. पगार आहे तोच. "काका, फोटोचे येगळे दोनशे मागू का?"

मी म्हटलं, "पावसाळ्यात पाचशे माग. आणि चहाचे निराळे."